प्रवचने कमी करा, पाळ्या वाढवा

पावसाळा सरला की मुंबई, पुणे, नाशिककडच्या मराठी चर्चमध्ये शिबिराची बोलणी सुरू होतात. शुक्रवारी संध्याकाळी बस निघते, रविवारी रात्री परत येते. मुक्काम लोणावळा, खंडाळा, पाचगणी, नाहीतर इगतपुरीकडे कुठेतरी. कोणी त्याला फॅमिली कॅम्प म्हणतात, कोणी रिट्रीट. पत्रकावर बहुधा ‘आध्यात्मिक शिबिर’ असे छापलेले असते. आपसांत ज्याला ‘मंडळी’ म्हणतात तो स्थानिक ख्रिस्ती समुदाय, पाळकांपासून संडे स्कूलच्या पोरांपर्यंत, दोन रात्री एका छपराखाली काढतो. 2011च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्या लहान समाजाने वर्षातून एकदा घरदार सोडून एकत्र राहायला जावे, ही मला फार मोलाची प्रथा वाटते. ती टिकावी म्हणूनच हे लिहितो आहे. कारण या शिबिरांचा जो साचा बनत चालला आहे, त्यात माणसे एकत्र जातात पण एकत्र राहत नाहीत. शिबिराचा मुख्य कार्यक्रम प्रवचन नव्हे, तर सगळ्यांनी मिळून केलेले काम आणि सगळ्यांनी मिळून केलेले जेवण हा असायला हवा. बाकीचे त्याच्या आगेमागे बसवावे.

रविवारच्या उपासनेचा हिशेब आधी मांडून पाहू. दीड तास सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. गीते एकत्र म्हणतात, प्रार्थना एकत्र करतात, वचन एकत्र ऐकतात. शेजारच्या बाकावरच्या माणसाशी बोलणे होते ते नंतर, दारात हात मिळवताना आणि चहाचा कप हातात असताना. ही वेळ उदार मनाने दहा मिनिटे धरली, तर वर्षाच्या बावन्न रविवारांचे मिळून नऊ तासही भरत नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, असे दिसले. जिवलग मैत्रीसाठी हा आकडा 200च्या पुढे गेला. आपल्या चहाच्या कपाच्या गतीने पहिला टप्पा गाठायलाच साडेपाच-सहा वर्षे जातील, तीही दर रविवारी एकच माणूस भेटला तर. उलट शुक्रवारी सातला पोहोचून रविवारी पाचला निघालेल्या मंडळीला सेहेचाळीस तास मिळतात. झोपेचे पंधरा वजा केले तरी एकतीस उरतात. वर्षभराच्या चहापानाच्या साडेतीनपट वेळ एका शनिवार-रविवारात हाती येतो. तो वेळ कशात घालवायचा, यावर सगळे अवलंबून आहे.

यावर कोणी म्हणेल, मैत्री होवो न होवो, चर्चला माणूस देवासाठी येतो. खरे आहे. पण देवासाठी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचाही पुरावा पाहावा. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या समाजशास्त्रज्ञांनी 2010मध्ये अमेरिकेतल्या पाहण्यांच्या आधारे असे दाखवले की दर आठवड्याला उपासनेला जाणाऱ्या आणि त्याच समुदायात तीन ते पाच जवळचे मित्र असणाऱ्या लोकांपैकी 33 टक्के लोक आपण आयुष्यात अत्यंत समाधानी असल्याचे सांगतात. तितक्याच नेमाने जाणाऱ्या, पण तिथे एकही जवळचा मित्र नसणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के निघाले. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत, हे मान्य. तरी त्यांचा रोख ओळखीचा आहे. पहिल्या बाकावर वीस वर्षे बसलेला माणूस आजारी पडल्याचे तीन रविवार कोणाच्या लक्षात येत नाही, हे शहरातल्या चर्चमध्ये घडू शकते आणि घडते. उपासनेत त्याचे काही उणे नव्हते. उणे होते ते त्याचे दार वाजवू शकेल असे एखादे माणूस.

आता सध्याच्या शिबिराचे वेळापत्रक पाहा. शुक्रवारी रात्री उद्घाटन आणि पहिले सत्र. शनिवारी सकाळी दोन सत्रे, दुपारी एक, संध्याकाळी गीत-उपासना, रात्री साक्षी. रविवारी उपासना, प्रभुभोजन, समारोप. बाहेरून बोलावलेला वक्ता, त्याच्या प्रवासाची आणि मानधनाची तजवीज, ध्वनिवर्धक, पडदा, प्रोजेक्टर. जेवण रिसॉर्टच्या केटररकडे. खोल्या दराप्रमाणे: एसी, बिगर एसी आणि मागच्या बाजूची डॉर्मिटरी. त्यामुळे बसमधून उतरल्यापासून माणसे आपापल्या ऐपतीच्या इमारतीत पांगतात. बुफेच्या रांगेत ताट घेऊन आपल्याच कुटुंबाच्या टेबलाशी बसतात. सत्रात पुन्हा सगळ्यांची तोंडे पुढे, नेहमीसारखीच. मग घरून इतक्या लांब यायचे कशाला? प्रवचन शहरातही ऐकता येते आणि आता तर फोनवरही. जे शहरात मिळत नाही ते म्हणजे एकाच नळावर सकाळी दात घासणे, एकमेकांची पोरे सांभाळणे, एकाच पातेल्यातले जेवणे आणि नंतर ते पातेले घासणे. नेमके तेच आपण पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतो आहोत.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक बोचते, कारण हा समाज घडला त्यात पंगतीचा वाटा मोठा होता. अमेरिकन मराठी मिशनची माणसे 1813मध्ये मुंबईत आली आणि 1831मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी केंद्र उघडले. पुढे त्या जिल्ह्यात आणि गोदावरीच्या खोऱ्यात उभ्या राहिलेल्या मंडळ्यांमध्ये महार आणि मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते, काही थोडे ब्राह्मण आणि मराठा घरांतले. यांचे एकत्र येणे प्रार्थनेपाशी तितके कठीण नव्हते. कठीण होते पाण्यापाशी आणि चुलीपाशी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याचा फार प्रामाणिक वृत्तांत आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधल्या वर्षांत त्या पतीकडे परत आल्यावरही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवत होत्या. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे त्यांनी ठरवले, तेव्हा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. अन्नाची भिंत आधी पडली, धर्माची ओळख नंतर बदलली. टिळक स्वतः आयुष्याच्या अखेरीस, 1917मध्ये, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीला व्यासपीठापेक्षा सहवासाची ओढ अधिक होती, हे त्यावरून कळते.

या ओढीला भारतात पुढे चांगले दिवस आले. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम उभा राहिला आणि 1970च्या दशकात अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी मिळून तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून पुन्हा जागता केला. नैनितालजवळ सातताल इथे ई. स्टॅन्ली जोन्स यांनी 1930मध्ये जो आश्रम सुरू केला, त्याचा नेम तर प्रत्येक शिबिर समितीने वाचावा असा आहे. तिथे आलेल्या माणसाच्या पदव्या आणि हुद्दे दारातच राहत. सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणून नावाने हाक मारत. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपण का आलो, आपल्याला काय हवे आहे आणि आपली खरी गरज कोणती, हे सांगायचे. आठवड्यातून एक दिवस सफाई कामगाराला सुट्टी, आणि संडास साफ करण्याचे त्याचे काम आश्रमात आलेल्यांनी वाटून घ्यायचे. यात तुमची पाळी कधी, असे ब्राह्मण घरातून आलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांना विचारले, तेव्हा आपले परिवर्तन झाले आहे खरे, पण अजून तिथवर पोहोचलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याची आठवण जोन्स यांनी लिहून ठेवली आहे. त्या गृहस्थांचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. कितीही प्रवचने ऐकली असती तरी आपण कुठवर आलो आहोत हे त्यांना इतके नेमके समजले नसते. हातात झाडू येण्याची नुसती शक्यता समोर आली आणि ते समजले.

कोणी म्हणेल, हा आश्रमांचा मामला झाला, चर्चची परंपरा वेगळी. पण ख्रिस्ती परंपरेत ही गोष्ट फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यातले एक प्रकरण आठवड्याच्या स्वयंपाकघराच्या पाळीवर आहे. आजारी किंवा अत्यंत महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडला तर कोणालाही त्यातून सूट नाही. शनिवारी ज्याची पाळी संपते त्याने सफाई करून द्यायची, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. स्कॉटलंडमधल्या आयोना बेटावर जॉर्ज मॅक्लाउड यांनी 1938मध्ये सुरू केलेल्या समुदायात बेकार कारागीर आणि होतकरू पाळक यांनी शेजारी शेजारी उभे राहून पडक्या मठाच्या भिंती बांधल्या. फ्रान्समधल्या तेझे गावात ब्रदर रॉजर 1940मध्ये आले. आज तिथे हजारो तरुण आठवडा-आठवडा राहतात, दिवसातून तीनदा प्रार्थना करतात, आणि भांडी घासणे, वाढणे, स्वच्छतागृहे धुणे हे सगळे तेच करतात. तरुण पोरांना करमणूक दिली नाही तर ती शिबिराला येणार नाहीत, असे आपल्याकडे समित्यांमध्ये सर्रास म्हटले जाते. तेझेला ती काय आहे म्हणून येतात, याचा विचार त्यांनी करावा.

काम माणसांना जवळ आणते ते कसे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शंभर माणसांच्या रात्रीच्या जेवणासाठी दोन-अडीच किलो लसूण सोलायचा आहे, असे धरा. जमिनीवर चादर पसरलेली, मध्ये सूप आणि परात, भोवती सहाजण. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक परिचारिका, कॉलेजातला एक मुलगा, चर्चच्या आवाराची राखण करणाऱ्याची बायको, नव्याने शहरात आलेले एक जोडपे. सोलणे हे काम असे की डोळे खाली आणि हात गुंतलेले. समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. गप्प बसलेले चालते आणि बोललेलेही चालते. शिवाय दीड तास उठता येत नाही. चर्चासत्रात ‘आता गट करा आणि आपल्या अडचणी सांगा’ म्हटले की माणूस आक्रसून जातो. इथे कोणी काही विचारत नाही, म्हणून मुलाच्या नोकरीचे, सासूच्या आजाराचे, गावाकडच्या जमिनीचे बोलणे आपसूक निघते. आणि या कामात बँकेच्या गृहस्थांची बोटे अडखळतात, राखणदाराच्या बायकोची चालतात. पाकळ्या आधी पाण्यात भिजवल्या की साल लवकर सुटते, हे ती सांगते आणि ते ऐकतात. रविवारच्या उपासनेत या दोघांच्या वाट्याला अशी वेळ येत नाही. तिथे बोलायला उभे राहणारे नेहमी गृहस्थच असतात.

सगळ्यात गंभीर आक्षेप एकांताचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. रिट्रीट म्हणजे मौन, प्रार्थना, स्वतःच्या आत पाहणे. तिथे लसूण सोलायला लावून तुम्ही त्याचे घरकाम करून टाकता, असे कोणी म्हणेल. येशू स्वतः गर्दीतून बाजूला निघून डोंगरावर जात असे, शिष्यांनाही आडजागी चलून विसावा घ्यायला सांगत असे, हे शुभवर्तमानात आहे. इग्नेशियस लोयोला यांची ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’ 1548मध्ये छापली गेली, तेव्हापासून मौनाच्या रिट्रीटची एक भक्कम परंपरा कॅथलिकांमध्ये चालत आली आहे. आपल्याकडे अँथनी डिमेलो यांनी 1970च्या दशकात पुण्यात सुरू केलेली आणि नंतर लोणावळ्याला गेलेली साधना संस्था त्याच परंपरेतून आली. मला तिच्याबद्दल आदर आहे, आणि ज्याला शक्य आहे त्याने वर्षातून काही दिवस असे जरूर काढावेत. पण ती वेगळी गोष्ट आहे. तिथे माणूस एकटा जातो, एकटा राहतो, सोबत एखादा मार्गदर्शक असतो. शंभर माणसे, त्यांत पंचवीस मुले, दहा आजी-आजोबा, अशा लवाजम्याला मौनाचे रिट्रीट जमत नाही. खरे तर प्रवचनांच्या सत्रांनी भरलेल्या शिबिरात मौनाला जितकी जागा असते, त्याहून जास्त जागा कामाच्या पाळ्यांच्या शिबिरात निघू शकते. चारऐवजी दोनच सत्रे ठेवली तर पहाटेचा एक तास आणि दुपारचा एक तास संपूर्ण शांततेसाठी राखता येतो. लोयोला यांनी तर कामधंद्यातून मोकळीक न मिळणाऱ्या माणसाने रोजच्या व्यवहारात राहूनच ही साधना कशी करावी, याचीही सोय सांगून ठेवली आहे.

याच आक्षेपाचे दुसरे रूप मार्था आणि मरीयेच्या गोष्टीतून येते. येशू घरी आला. मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसली, मार्था कामाने हैराण झाली, आणि येशूने मरीयेची बाजू घेतली. तेव्हा ऐकणे श्रेष्ठ आणि रांधणे कनिष्ठ, असा अर्थ कित्येक प्रवचनांतून लावला जातो. मला तो पटत नाही. मार्थेची तक्रार काम असल्याची नव्हती, सगळे काम एकटीवर पडल्याची होती. त्या घरात आणखी चार हात स्वयंपाकाला लागले असते तर तीही येऊन बसली असती. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, रात्रभर जाळे टाकून दमलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी विस्तव पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवतो, न्याहारीला बोलावतो. पाय धुण्याची हकिगतही त्याच शुभवर्तमानातली. ज्याच्या नावाने शिबिर भरते तो स्वतः चुलीपाशी बसला होता.

मार्थेचे नाव निघाले की बायकांचा प्रश्न समोर येतो, आणि माझ्या सूचनेला सगळ्यात सबळ विरोध तिथूनच व्हायला हवा. घरातली बाई आठवडाभर चूल, डबे, धुणे, पाणी आणि वर नोकरी करते. शिबिराचे दोन दिवस तिला आयते ताट मिळते, ते काढून घेऊन तुम्ही पुन्हा तिच्या हातात विळी देणार का? असा प्रश्न एखाद्या महिला मंडळाने विचारला तर तो रास्तच आहे. चर्चमधल्या प्रीतिभोजनाचा इतिहासही या भीतीला पुष्टी देणारा आहे: तिथे काम सगळ्यांचे म्हणतात, भाजी चिरायला बायका बसतात आणि पुरुष मांडव घालून झाला की खुर्च्यांवर गप्पा मारतात. म्हणून पाळ्यांच्या यादीवर सगळी भिस्त आहे. ‘ज्यांना जमेल त्यांनी यावे’ असे म्हटले की कोण येणार हे ठरलेलेच. यादी घरी असतानाच, नावानिशी, छापून हवी. स्वयंपाक, वाढणे आणि भांडी यांच्या पाळ्यांत आधी पुरुषांची नावे, त्यांतही आधी पाळक, वडीलमंडळी, खजिनदार, चिटणीस. ज्या बाईला हौस आहे तिने जरूर यावे, पण तिचे नाव तिने स्वतः सांगितल्याशिवाय यादीत घालू नये. पन्नाशीच्या पुरुषाला शंभर ताटे घासताना कष्ट पडतील, पाणी अंगावर उडेल, पीठ सैल होईल. होऊ द्यावे. आपल्या घरी रोज कोण काय करते हे त्याला पहिल्यांदा नीट कळण्याची ही जागा आहे. घरी तो मोरीपाशी उभा राहायला लाजत असेल, तर इथे सोबत आणखी आठ पुरुष असतील.

व्यवहाराच्या अडचणी आहेत, त्या थोडक्यात सांगतो. शंभर माणसांचा स्वयंपाक हौशी हातांवर सोडणे धोक्याचे आहे, म्हणून भात, रस्सा अशा मोठ्या पातेल्यांसाठी एक जाणता आचारी ठेवावा आणि त्याच्या हाताखाली मंडळीने राबावे. ज्यांना उभे राहवत नाही त्यांना बसून करायची कामे द्यावीत. शेंगदाणे निवडायला वय आड येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा प्रवास न झेपणाऱ्या सभासदांना त्या रविवारी विसरू नये, त्यांच्या घरी प्रभुभोजन नेण्याची जबाबदारी आधीच कोणावर तरी सोपवावी. आणि मुलांच्या सुरक्षिततेबाबत कसलीही भीडभाड नको. रात्रीच्या मुक्कामाच्या कुठल्याही शिबिरात एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत मुलासोबत असता कामा नये, मुलांच्या गटाबरोबर किमान दोन मोठी माणसे हवीत, आणि काही गैर घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे हे 2012च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, चर्चच्या अब्रूसाठी ते दाबून ठेवणे हाच गुन्हा आहे, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगावे.

पैशाचा मुद्दा मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. रिसॉर्टच्या शिबिराची फी माणशी हजारांत जाते आणि चार माणसांच्या कुटुंबाला ती महिन्याच्या किराण्याएवढी पडते. ‘ज्यांना परवडत नाही त्यांनी पाळकांना भेटावे’ ही पत्रकाखालची ओळ चांगल्या मनाने लिहिलेली असते, पण भेटायला जाणारा माणूस त्या दिवसापासून मंडळीत हात पसरणारा ठरतो, म्हणून तो जातच नाही. पोरांची परीक्षा आहे म्हणून सांगतो आणि घरी राहतो. फीखेरीज एक खर्च समितीच्या हिशेबात येतच नाही: रोजंदारीवरचा गवंडी, घरकाम करणारी बाई, पाळीवर जाणारा सुरक्षारक्षक यांचा शनिवारचा रोज बुडतो. शुक्रवारी पाचला बस सुटली तर हे लोक आपोआप गळतात आणि मंडळी पगारदारांची उरते. त्यावर उपाय आहेत. तेझेला येणाऱ्याच्या देशाप्रमाणे आणि वयाप्रमाणे कमी-जास्त वर्गणी घेतात. आपल्याला त्याहून सोपे करता येईल: एकूण खर्च जाहीर करावा, दरडोई सरासरी सांगावी, आणि प्रत्येक घराने बंद पाकिटात जमेल ते द्यावे. नाव लिहू नये. वक्त्याचे मानधन, प्रोजेक्टर आणि केटरर वगळले तर एकूण आकडा मुळातच खूप खाली येतो. जागा म्हणून एखाद्या मिशन शाळेचे वसतिगृह सुट्टीत मागावे. सगळ्यांना सारखी गादी मिळेल अशी जागा निवडावी, आणि जिथे तशी मिळत नाही तिथे चांगल्या खोल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना द्याव्यात. शनिवारी दुपारनंतर येणाऱ्यांसाठी दुसरी गाडी ठेवावी, आणि मुख्य जेवण शनिवारी रात्री असावे, म्हणजे सगळे हजर असताना पंगत बसेल. बुफे नको, पंगतच. वारीतल्या दिंडीच्या मुक्कामावर चालणारा आणि ट्रकातून आलेला एकाच ओळीत जेवतो, हे या मुलखात कोणाला नव्याने सांगायला नको.

इथे एक शंका उरते, ती मी स्वतःला अनेकदा विचारतो. दोन दिवस एकत्र भांडी घासून जात जाते का? नाही जात. लग्नाची स्थळे पाहताना मराठी ख्रिस्ती घरांतही मूळ जात विचारली जाते, कधी आडनावावरून ओळखली जाते, आणि चर्चच्या निवडणुकांमध्ये गट पडतात ते पुष्कळदा त्याच जुन्या रेषांवर. दीडशे वर्षांच्या एकत्र उपासनेने जे पुसले गेले नाही ते एका शिबिराने पुसले जाईल असा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे की, या रेषा कुठे आहेत हे शिबिरात दिसते आणि त्या ओलांडण्याचा सराव तिथे करता येतो. रविवारी बाकांवर बसून दोन्हीही होत नाही. लक्ष्मीबाईंनाही वर्षे लागली. त्या वर्षांत त्या निरनिराळ्या जातींच्या माणसांबरोबर राहत होत्या, त्यांचे पाहत होत्या, मनाशी भांडत होत्या. त्यांच्यासाठी ते राहणे महत्त्वाचे ठरले.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न असेल, आणि तो बोलून दाखवलेला बरा. गावाबाहेर, डोंगरात, ख्रिस्ती लोकांचे शिबिर म्हटले की अलीकडे लगेच धर्मांतराचा संशय घेतला जातो. ज्या शिबिराबद्दल मी लिहितो आहे ते वर्षानुवर्षे एकाच चर्चमध्ये येणाऱ्या, एकमेकांच्या घरातल्या लग्नांना आणि मर्तिकांना हजर राहणाऱ्या कुटुंबांचे असते. शांततेने एकत्र जमणे आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करणे हे राज्यघटनेच्या कलम 19 आणि 25 ने दिलेले हक्क आहेत, त्यासाठी कोणापुढे खुलासा करण्याची गरज नाही. तरीही शेजारधर्म म्हणून काही करण्यासारखे आहे. ज्या गावात उतरतो तिथूनच भाजी, दूध, किराणा घ्यावा, आचारी गावातला घ्यावा, सरपंचांना शनिवारच्या पंगतीला बोलवावे. ध्वनिवर्धक नसला तर आवाजाची तक्रारही राहत नाही. भिंतीआड बसून सत्रे ऐकणाऱ्या शंभर लोकांबद्दल गावाला कुतूहल वाटते. अंगणात भांडी घासणाऱ्या शंभर लोकांबद्दल ते फार वेळ टिकणार नाही.

बहुतेक मंडळ्यांच्या शिबिराचा निर्णय एखाद्या छोट्या समितीत होतो आणि तिथे चर्चेचा पहिला विषय ‘या वर्षी वक्ता कोण?’ हा असतो. यंदा तो विषय शेवटी घ्यावा. आधी रोजंदारीवरच्या सभासदांना कोणता शनिवार जमेल ते विचारावे, मग जागा ठरवावी, मग पाळ्यांची यादी करावी, आणि यादी झाल्यावर जो वेळ उरेल त्यात दोन सत्रे बसवावीत. ती आपल्याच पाळकांनी घेतली तरी चालतील. फक्त शनिवारी दुपारच्या भांड्यांच्या पाळीवर त्यांचे नाव आधी लिहिलेले असावे, आणि त्यांच्या शेजारचे नाव अशा कुणाचे तरी असावे, ज्यांच्याशी त्यांचे गेल्या वर्षभरात नीट बोलणे झालेले नाही.